एकदा बंद करून चालू करा

प्रत्येक पिढीचं एक रामबाण औषध असतं. आमच्या आजीच्या काळी ते एरंडेल होतं. पोट दुखो, डोकं दुखो, गणितात नापास होवो, रविवारी सकाळी एरंडेल ठरलेलं. पुढे पेठेतल्या डॉक्टरांचं तांबडं मिक्श्चर आलं. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवलेली असे आणि सर्दीपासून पित्तापर्यंत सगळ्यांना तेच मिळे. आजच्या पिढीचं औषध पाच शब्दांचं आहे : एकदा बंद करून चालू करा. त्याला रंग नाही, वास नाही, पैसे पडत नाहीत आणि गंमत म्हणजे गुण येतो.

गुण येतो हीच पंचाईत आहे. गुण आला नसता तर माणसानं पुढे काही विचार तरी केला असता.

हे औषध आमच्या घरात शिरलं ते वायफायच्या डब्यापायी. दिवाणखान्यातल्या कपाटावर, जिथे पूर्वी रेडिओ असे तिथे, हा डबा तीन शेंड्या ताठ उभ्या करून बसलेला असतो. देवापुढची निरांजनं दहा मिनिटांत शांत होतात. याच्यापुढचे चार हिरवे दिवे मात्र चोवीस तास तेवतात. पूर्वी घरात पाहुणा आला की आधी देवाला नमस्कार करायचा, मग वडीलधाऱ्यांना. आता भाचा उंबरठ्यावरूनच विचारतो, "मामा, पासवर्ड काय?" आणि पासवर्ड लागला की मग आठवण आल्यासारखा वाकतो.

खरं म्हणजे या एका डब्यात दोघंजण बिऱ्हाड करून आहेत. एक मोडेम. तो दुभाष्या. बाहेरच्या तारेतून जी भाषा येते ती घरातल्या यंत्रांना कळेल अशी करून देणं हे त्याचं काम. दुसरा राउटर. तो चाळीतला पोस्टमन. बाहेरच्या जगाला आमच्या घराचा एकच पत्ता ठाऊक. आत मात्र मोबाइल, टीव्ही, चिरंजीवांचा संगणक अशी सात-आठ खातेदार मंडळी. कुणी काय मागवलंय याची यादी राउटर जवळ ठेवतो आणि आलेला माल ज्याच्या त्याच्या दारात टाकतो. एरवी आमच्या 'ही'चा वरणफळांचा व्हिडिओ चिरंजीवांच्या लढाईत घुसला असता.

या दोघांच्या डोक्यात जी अक्कल कारखान्यातच भरून येते तिला 'फर्मवेअर' म्हणतात. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं काहीतरी, अशा अर्थानं हा शब्द ॲशर ऑप्लर नावाच्या गृहस्थांनी १९६७ साली एका मासिकातल्या लेखात वापरला. 'फर्म' म्हणजे ठाम. लक्षात घ्या, बरोबर असं कुणी म्हटलेलं नाही. ठाम. आमच्या नात्यातही असे दोन-तीन काका होऊन गेले. सगळं चुकीचं, पण ठाम. तेव्हा हा शब्द ऐकल्याबरोबर मला परका वाटला नाही.

जुन्या मोडेमचा एक गुण मानला पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट दिलं, तेव्हाचे मोडेम टेलिफोनच्या तारेवर चालत. जोडणी होताना इकडचा मोडेम आणि तिकडचा मोडेम यांची वेगाबद्दल बोलणी होत, आणि ती लग्नाच्या बैठकीसारखी आरडाओरडा करून होत. शिट्ट्या, घुर्रघुर्र, मग खरखर. ऐकणाऱ्याला वाटे, बोकड आणि प्रेशर कुकर यांचं भांडण लागलंय. पण बैठक फिसकटली तर ती कानांना कळायची. आताचा डबा सुशिक्षित आहे. त्याला काय होतंय ते तो बोलत नाही. एक दिवा तांबडा करतो आणि गप्प बसतो. काही वेळा तर चारही दिवे हिरवे ठेवून आतून बंद पडलेला असतो. असली माणसं फार अवघड.

मग मदत केंद्राला फोन करायचा. आधी सनई, मग "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है", मग एक मुलगा.

"सर, एकदा बंद करून चालू करा."

"अहो, कालही केलं होतं."

"मग काल चाललं ना सर?"

"चाललं."

"हां. मग आजही करा."

या तर्कात खोट काढून दाखवा! मी प्रयत्न केला. जमलं नाही.

"आणि सर, बंद केल्यावर तीस सेकंद थांबा."

हे तीस सेकंद म्हणजे प्राणायाम आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती; गिऱ्हाईक शांत व्हावं म्हणून. तसा फायदा होतोही. पण खरं कारण निराळं. डब्यातल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठून राहते. बटण बंद केलं तरी ती लगेच जात नाही, आणि ती असेपर्यंत डब्याच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीत जुन्या गोष्टी रेंगाळू शकतात. त्या साफ पुसल्या जाव्यात म्हणून थांबायचं. थोडक्यात, तीस सेकंद हा विसरण्याचा वेळ आहे. तिसाव्या सेकंदाला डबा नवजात अर्भकासारखा निरागस होतो. कुणी काय मागवलं होतं, कुणाचं काय राहिलं, काल रात्री आपण का अडखळलो, त्याला काही म्हणजे काही आठवत नाही.

विसरल्यानं बरं का वाटतं, हे समजून घ्यायला लग्नाच्या कार्यालयातलं कोठीघर आठवा. कोठीवर एक मामा बसवलेले असतात. कुणीही यावं, "मामा, चार वाट्या द्या," म्हणावं आणि मामांनी द्याव्यात. वाट्या परत आल्या की घ्यायच्या, हेही मामांचंच काम. पण मामा देण्यात हुशार आणि परत घेण्यात ढिले. पहिल्या पंगतीला कुणाला काही कळत नाही. दुसऱ्या पंगतीला वाट्या कमी वाटायला लागतात. तिसऱ्या पंगतीला नवऱ्या मुलाच्या आजोबांना मठ्ठा द्यायला वाटी नसते आणि सगळं कार्य ठप्प होतं. सदोष फर्मवेअरमध्ये पुष्कळदा हेच चालतं. एकेक कामासाठी स्मरणशक्तीचा तुकडा उचलला जातो. काम संपल्यावर तो परत ठेवायचा राहतो. दिवसेंदिवस तुकडे कमी होतात आणि एका संध्याकाळी डबा डोळे पांढरे करतो. बंद करून चालू करणं म्हणजे कार्यालय रिकामं करून, सगळ्या वाट्या गोळा करून, पहिल्यापासून पंगत मांडणं.

सुरळीत होतं. का नाही होणार? पण कोठीवर मामा तेच असतात.

आता मुद्द्याचा प्रश्न असा, की याला दुरुस्ती म्हणायचं का? कारण न कळता गेलेलं दुखणं खरंच गेलं, की बाहेर चहा प्यायला गेलंय?

आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. आमच्या हिचं म्हणणं, "चालतंय ना? मग कशाला उकरून काढता?" हा फार जुना आणि मोठा पक्ष आहे. संसार, सोसायटीची वार्षिक सभा आणि निम्मी सरकारी खाती याच तत्त्वावर उभी आहेत. झालं गेलं गंगेला मिळालं. आणि त्यात शहाणपण नाही असं कोण म्हणेल? घरातल्या प्रत्येक भांडणाचं मूळ कारण शोधायला बसलो तर मुळं सापडतील, पण झाड राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मुकाट्यानं चहाचं आधण ठेवतो, बायको मुकाट्यानं त्यात आलं किसून टाकते, तो तीस सेकंदांचा विसर नसता तर एकही लग्न रौप्यमहोत्सवापर्यंत पोचलं नसतं.

फक्त एक सांगतो. डब्याबाबत गंगेचा दाखला देणारी ही बाई, १९९८ साली माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या मुंजीत तिला आहेरात मिळालेल्या साडीच्या बाबतीत गंगा तर सोडाच, मुळा-मुठेलाही काही मिळू देत नाही. ती साडी, तिचा रंग, ती देतानाचं वाक्य, सगळं जसंच्या तसं आहे. कितीही वेळा बंद करून चालू करा.

दुसऱ्या पक्षात मी एकटा. माझी तक्रार वेळ जातो ही नाही. निवृत्त माणसाजवळ वेळ हीच तर इस्टेट असते. माझी तक्रार न्यायाची आहे. डबा का अडला याची जी काही नोंद असते ती बहुधा त्याच तात्पुरत्या स्मरणशक्तीत असते. म्हणजे बंद केलं की दोषाबरोबर दोषाचा पुरावाही पुसला जातो. चोरानं बोटांचे ठसे पुसावेत हे समजू शकतं; इथे आपणच फडकं ओलं करून त्याच्या हातात देतो.

आणि चोर सापडला नाही की गाव गप्प बसत नाही. कुणाला तरी धरावंच लागतं. आमच्या घरी पहिला नंबर चिरंजीवांचा लागला. "सारखे ते खेळ! बंद पडणार नाही तर काय?" मग कपाट पुसणाऱ्या बाईंचा, कारण त्यांचं फडकं एकदा वायरीला लागलं होतं. मग पावसाचा. मग तारेवर बसणाऱ्या कबुतरांचा. त्यानंतर कुणीतरी वाचून आलं, की पदार्थ गरम करायचा मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुन्या पद्धतीचं वायफाय साधारण एकाच, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात आणि ओव्हनमुळे वायफायला त्रास होऊ शकतो. हे शास्त्राला धरून आहे. झालं, वरच्या मजल्यावरच्या वहिनी गोत्यात आल्या. त्यांनी भाजी गरम करायला घेतली आणि आमच्याकडे टीव्ही थांबला असं दोनदा झालं, तेवढ्यावर दोन घरांतलं विरजण जाणं-येणं बंद पडलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपल्या पूर्वजांनी याला 'काकतालीय न्याय' असं भारदस्त नाव देऊन ठेवलंय. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी ताडाचं फळ पडलं. नाव 'न्याय' असलं तरी कावळ्याला तो कधीच मिळाला नाही.

म्हणून मी एक वही घातली. दोनशे पानी, आखीव. तारीख, वार, वेळ, कोणते दिवे लागले होते, घरात कोण होतं, पाऊस होता का, आणि शेरा. आमच्या हिनं त्या वहीकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी शेऱ्यात लिहिली नाही. सहा आठवडे निष्ठेनं नोंदी केल्या आणि चित्र स्वच्छ दिसायला लागलं. डबा चालू केल्यापासून पाच दिवस गुण्यागोविंदानं नांदे आणि सहाव्या दिवशी मान टाकी. चिरंजीव मामाकडे कोल्हापूरला होते तेव्हाही. बाई रजेवर होत्या तेव्हाही. वरची मंडळी दापोलीला गेली होती आणि त्यांच्या ओव्हनला कुलूप होतं तेव्हाही. पाऊस आणि कबुतरं तर पहिल्याच पंधरवड्यात निर्दोष सुटली. वही घेऊन मी वर गेलो, वहिनींना पानं दाखवली. त्यांनी काही न बोलता वाटीभर विरजण दिलं. इतका स्वच्छ निकाल मी कोर्टातही पाहिला नाही.

मग कंपनीचा मुलगा आला. पाठीला सॅक, कानात काहीतरी. वही त्यानं मन लावून वाचली, हे त्याचं मला कौतुक वाटलं.

"काका, हा फर्मवेअरचा इश्यू आहे. नवीन आलं की आपोआप जाईल."

"म्हणजे चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही काका. फर्मवेअरची."

हे उत्तर मी अजून चघळतोय. 'कुणाचीच नाही, फर्मवेअरची.' जसं काही फर्मवेअर पावसाळ्यात आपोआप उगवतं, भिंतीवरच्या शेवाळासारखं. अरे बाबा, कुणीतरी ते लिहिलंय. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी टेबलाशी, चहा थंड होत असताना, "हे उद्या बघू" म्हणून एक ओळ कुणीतरी सोडलीय. मी त्याला शिव्या देणार नाही. मलाही ऑफिसात फायली उद्यावर ढकलताना चहा लागत असे. पण तो आहे. त्याला 'कुणी नाही' म्हणणं बरोबर नाही.

आणि ती ओळ आपल्याच घरापुरती छळते असंही नाही. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या मंडळींना दिसलं, की आपल्या एका यंत्रावर जगभरातून चौकशांचा लोंढा येतोय. ते यंत्र काय, तर विचारणाऱ्याला घड्याळाची वेळ सांगणारं. पुढे जूनमध्ये तर सेकंदाला अडीच लाखांपर्यंत चौकशा यायला लागल्या. वाटलं, कुणी दुष्टानं हल्ला केला. शोध घेतला तेव्हा निघाले घरगुती राउटर. नेटगिअर कंपनीच्या काही राउटरांच्या फर्मवेअरमध्ये या यंत्राचा पत्ता कायमचा कोरून ठेवला होता. आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा कधी विचारायचं? दर सेकंदाला! असे राउटर सात लाखांच्या वर विकले गेले होते. "किती वाजले? किती वाजले? किती वाजले?" गाडीत बसलेलं लहान मूल "आलं का गाव?" विचारतं, तसं. कंपनीनं दोष मान्य केला, सुधारलेलं फर्मवेअर काढलं. पण जे डबे कपाटांवर जाऊन बसले होते त्यांचं काय? त्या घरांतल्या सज्जन माणसांना पत्ताही नव्हता की आपला डबा परगावच्या विद्यापीठाची झोप उडवतोय. त्यांच्या दृष्टीनं सगळं 'चालतंय ना?' असंच होतं. बंद करून चालू केलं असतं, तर डब्यानं ताज्या दमानं पुन्हा विचारलं असतं, किती वाजले?

तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्या डब्यांचं ठीक आहे, मोठ्या यंत्रांना हा मंत्र कोण देतो? देतात. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं बोइंग ७८७ विमानांसाठी हुकूम काढला. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर वीजनिर्मिती सांभाळणारी यंत्रं एकदम हात वर करू शकतात, आतला एक मोजणी करणारा आकडा भरून वाहतो म्हणून. तेव्हा त्याआधी वीज बंद करून चालू करा. मला हा हुकूम आवडला. मंत्र तोच आमच्या मदत केंद्राच्या मुलाचा. पण इथे कारण सांगितलंय, दिवस मोजून दिलेत आणि सगळं लेखी आहे.

आकडा न सांगितल्यानं काय होतं हे सांगताना थट्टा सुचत नाही. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. सौदी अरेबियात धहरानला अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्रांची एक तुकडी होती. शत्रूचं क्षेपणास्त्र आलं तर त्याला वाटेत गाठायचं. ही यंत्रणा शंभर तासांहून जास्त वेळ सलग चालू होती. तिच्या आत वेळ मोजण्यात एक बारीकसा दोष होता. तासातासाला किंचित फरक पडे, आणि तो साठत साठत साधारण एकतृतीयांश सेकंदाचा झाला होता. तेवढ्यात येणारं स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेनं आकाशात चुकीच्या जागी पाहिलं, काही दिसलं नाही, म्हणून गप्प राहिली. सैनिकांच्या बराकीवर स्कड पडलं. अठ्ठावीस माणसं गेली.

दोष आधीच कळलेला होता. चार दिवस आधी सूचनाही गेली होती, की यंत्रणा 'फार वेळ' चालू ठेवली तर नेम चुकू शकतो. फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात लिहिलं नव्हतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं ते २६ तारखेला. आणि यंत्रणा बंद करून चालू करणं हे मिनिट-दीड मिनिटाचं काम होतं. त्यानं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं असतं.

म्हणजे बघा, मंत्र खोटा नाही. तो वेळेवर म्हटला असता तर माणसं वाचली असती. पाप मंत्रात नाही, 'फार वेळ' या दोन शब्दांत आहे. ज्याला कारण ठाऊक आहे त्यानं ते मोघम सांगावं, आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं 'चालतंय ना?' म्हणून विचारू नये, या दोहोंच्या मध्ये माणूस सापडतो.

तेव्हा माझ्यापुरता मी निवाडा केलाय. बंद करून चालू करावं. जरूर करावं; त्याच्याशिवाय ना डबा चालेल ना संसार. पण बंद करण्याआधी वहीत एक ओळ लिहावी. गंगेला मिळालेलं परत काढायला नको, पण काय मिळालं याची यादी काठावर असावी. क्षमा आणि विसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा करणाऱ्याला काय झालं होतं ते माहीत असतं. विसरणाऱ्याला पुढच्या पंगतीलाही वाटी मिळत नाही, आणि शिक्षा वरच्या वहिनींना होते.

गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या डब्यात नवं फर्मवेअर आपोआप येऊन बसलं. सकाळी मी मोठ्या आशेनं त्याची माहिती काढली. लिहिलं होतं : 'किरकोळ दोष दूर करून कार्यक्षमता वाढवली आहे.' कोणते दोष? कुणी केलेले? ते वेळ विचारत होते की वाट्या हरवत होते? काही नाही. जाहीर सभेत पुढाऱ्यानं "झाल्या असतील चुका तर पोटात घाला" म्हणावं तसं. डबा मात्र आता एकोणीस दिवस झाले, मुकाट चालतोय. वहीत रोज 'ठीक' असा शेरा मारतो.

परवा तीच वही चाळताना कळलं, की ती मागच्या बाजूनंही भरायला लागलीय. अक्षर आमच्या हिचं. तारीख, वार, वेळ, सगळे रकाने माझेच. 'रविवार, सकाळी ११ : गॅसचा नंबर लावला का विचारलं. प्रतिसाद नाही. दिवे चालू होते.' 'बुधवार, दुपारी ४ : बाजारातून काय आणायचं ते दोनदा सांगितलं. काही आठवत नाही म्हणतात.' खाली शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य आहे :

'फर्मवेअर जुनं आहे. कंपनी बंद पडलीय. सांभाळून घेणे.'